परदेशात सेवेला जाताना: मानवतावादी स्वयंसेवकांना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापूरची, शिवाजी पेठेत वाढलेली. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. २०२३ मध्ये शाळेतून बिनपगारी रजा काढून जानेवारी ते नोव्हेंबर असे अकरा महिने मी उत्तर घानात स्वयंसेवक म्हणून राहिले. माझ्या आधी आमच्या ओळखीतले एक गणिताचे सर युगांडात सहा महिने राहून आले होते. परत आल्यापासून लग्नात, स्टाफरूममध्ये, रंकाळ्यावर फिरताना आम्हा दोघांना तेच प्रश्न विचारले जातात. काही जण कुतूहलानं विचारतात, काहींना स्वतःला जायचं असतं, आणि काही आईवडील काळजीनं विचारतात. सगळ्यांसाठी उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत. मी ज्या वस्तीत राहिले तिचंही नाव दिलेलं नाही, कारण तिथल्या बायकांवरचा चेटकीण असल्याचा आळ अजून पुसला गेलेला नाही.

मानवतावादी स्वयंसेवक म्हणजे नक्की कोण? समाजसेवक की मिशनरी?

माणसाच्या दुःखाला कारणं असतात, ती शोधता येतात आणि माणसांनीच एकमेकांच्या साथीनं ती दूर करायची असतात, एवढं मानून जो कामाला लागतो तो मानवतावादी. अशा विचारांच्या संघटना १९५२ साली अॅमस्टरडॅमला एकत्र आल्या. त्यांच्या शिखर संस्थेला आज ह्युमॅनिस्ट्स इंटरनॅशनल म्हणतात. पण कोल्हापूरच्या माणसाला हे बाहेरून शिकायला नको. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या आणि जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली. त्या बोर्डिंगांत शिकलेल्या घरांतले आम्ही. आमचे पणजोबा तिथं राहिले नसते तर मी आज खडू हातात धरला नसता.

मिशनऱ्यांबद्दल माझ्या मनात राग नाही. मिरजेच्या मिशन दवाखान्यानं या भागातली किती माणसं वाचवली हे आपल्याकडं घराघरांत माहीत आहे. फरक इतकाच की आमच्याकडं द्यायला कुठला धर्म नाही आणि काढून घ्यायलाही नाही.

इथं कामं कमी आहेत का, म्हणून तिकडं जायचं?

हा प्रश्न आईनं सगळ्यात आधी विचारला. ‘घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं’ म्हणाली. तिचं चूक नव्हतं. करणी, भूत लागणं, अंगात येणं हे आपल्या जिल्ह्यातून गेलेलं नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत शाळाशाळांतून चमत्कारांमागचं विज्ञान दाखवत आले आहे आणि आजही दाखवते.

तरी गेले. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुका पाण्याखाली होता. चिखली, आंबेवाडी या गावांतली माणसं बोटींतून काढत होते. तेव्हा महाराष्ट्रभरातून पोरं आली, चिखल उपसला, धान्य वाटलं. त्यांना आपण कुणी विचारलं नाही की बाबांनो, तुमच्या गावात कामं नाहीत का? पाणी ओसरल्यावर आमच्या मावशीच्या घरातला गाळ काढणारा पोरगा विदर्भातला होता. मावशी अजून त्याचं नाव घेते. मदत कुठल्या हद्दीपर्यंत करायची याचा नियम मला तेव्हापासून पटत नाही.

आणखी एक कारण आहे. इथं मी तोंड उघडायच्या आधी समोरच्याला माझं आडनाव, पेठ, जात कळलेली असते आणि त्यावरून माझं म्हणणं ऐकायचं की नाही हे ठरलेलं असतं. तिथं यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. भाषा येत नाही, चूल पेटवता येत नाही, डोक्यावर पाण्याचं भांडं धरता येत नाही. मला शिकावं लागलं, आणि शिकवणाऱ्या होत्या गावानं टाकलेल्या बायका.

तिथं नेमकं काम काय होतं?

उत्तर घानात चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलेल्या बायकांच्या वस्त्या आहेत. गंबागा, कुकुओ, ग्नानी ही त्यांतली माहीत असलेली नावं. एखाद्या घरात मूल तापानं जातं, कुणाला साप चावतो, कुणाच्या स्वप्नात एखादी बाई येते, आणि त्या बाईवर बोट ठेवलं जातं. बोट बहुतेक वेळा विधवेवर, मूलबाळ नसलेल्या बाईवर, वय झालेल्या सवतीवर जातं, म्हणजे जिच्या पाठीशी कुणी उभं राहणार नाही तिच्यावर. मारहाण होते. वाचली तर ती या वस्तीत येते. इथल्या भूमीचा पुजारी तिच्या नावानं कोंबडी कापतो. कोंबडी उताणी पडून मेली तर बाई निर्दोष, पालथी पडली तर दोषी. पण निर्दोष ठरलेली बाईही घरी जायला धजत नाही, कारण कोंबडीचा निकाल गाव मानेलच असं नसतं. त्या वस्तीत मात्र तिला कुणी हात लावत नाही. म्हणून ही जागा तुरुंगही आहे आणि आसराही. पाहुण्यांनी येऊन ‘बंद करा या वस्त्या’ म्हणणं सोपं आहे. बंद केल्यावर आजीनं जायचं कुठं, याचं उत्तर आधी लागतं.

फाउंडेशन बियॉन्ड बिलीफ या अमेरिकी संस्थेनं २०१५ मध्ये ह्युमॅनिस्ट सर्व्हिस कॉर्प्स या नावानं या भागात स्वयंसेवक पाठवायला सुरुवात केली. मी मात्र एका छोट्या स्थानिक गटाबरोबर होते.

आता माझं काम. लोकांना वाटतं मी भाषणं दिली असतील. माझा निम्मा वेळ आरोग्य विम्याच्या कार्डांत गेला. घानात सरकारी आरोग्य विमा आहे, त्याची मुदत दरवर्षी वाढवून घ्यावी लागते, आणि कार्ड काढताना बोटांचे ठसे लागतात. एका आजीचा ठसा काही केल्या उमटेना. सत्तरी ओलांडलेली बाई, आयुष्यभर शेंगा फोडल्या, शिया नावाच्या झाडाच्या बिया कुटल्या. अंगठ्यावरच्या रेषा पार झिजून गेलेल्या, कातडं पाटीसारखं गुळगुळीत. मशीन लाल दिवा दाखवी, कारकून मान हलवी. मला आपल्याकडचं रेशन दुकान आठवलं. तिथंही भांगलणाऱ्या म्हाताऱ्या मशीनवर अंगठा टेकवून टेकवून थकतात आणि दुकानदार ‘उद्या या’ म्हणतो. मी आजीचा हात कोमट पाण्यात धरला, शियाचं लोणी चोळलं, पुसून कोरडा केला, आणि एकेक बोट करून बघितलं. डाव्या हाताची अनामिका चालली. हिरवा दिवा लागल्यावर आजीनं त्या बोटाकडं असं बघितलं की जणू ते बोट तिला आजच सापडलं. पुढचे कितीतरी दिवस भेटली की आधी ते बोट वर करून दाखवायची.

उरलेला वेळ पाणी भरण्यात, शेंगदाण्याची कुलीकुली तळून विकणाऱ्या गटाचा हिशोब लिहून देण्यात आणि संध्याकाळी नातींना शिकवण्यात गेला. या आज्यांच्या सोबतीला घरचे बऱ्याचदा एखादी लहान नात पाठवून देतात. ती पोर आजीचं पाणी-लाकूड करते आणि तिची शाळा सुटते. आरोप आजीवर झालेला असतो, शिक्षा पोरीलाही होते. इथल्या एका वर्गातल्या चाळीस पोरींपेक्षा त्या सात पोरींनी मला जास्त प्रश्न विचारले असतील.

देव मानत नाही हे तिथं सांगितलं का?

विचारलं तेव्हा सांगितलं. उत्तर घानात बहुसंख्य लोक मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि जुन्या श्रद्धा दोन्हींच्या खाली मुरलेल्या आहेत. एका मौलवींनी विचारलं, ‘मग तुला चांगलं वागायला कोण सांगतं?’ मी म्हटलं, ‘तुमच्या वस्तीतल्या आजीला लागलं तर तिला दुखतं हे मला दिसतं, तेवढं पुरतं.’ ते हसले, आणि त्यानंतर शुक्रवारी त्यांच्या घरून आमच्यासाठी जेवण यायला लागलं. मी त्यांचं मत बदलायला गेले नव्हते. आजीच्या कार्डासाठी गावच्या बैठकीत सगळ्यात आधी तेच बोलले.

एक गोष्ट मात्र मी ठरवून पाळली. ‘चेटूक नसतं’ हे वाक्य मी पहिले चार महिने उच्चारलं नाही. तिथल्या काही बायकांना स्वतःलाच वाटतं की आपल्यात काहीतरी असेल. अशा बाईला परक्या पोरीनं येऊन ‘तुझं सगळं आयुष्य गैरसमजावर गेलं’ म्हणायचं, त्याला हिंमत म्हणत नाहीत.

आजारी पडलात तर? मलेरियाची भीती वाटली नाही का?

वाटली, आणि मलेरिया झालाही. तिसऱ्या महिन्यात. औषध सुरू होतं, पण सलग काही दिवस गोळ्या घ्यायच्या राहिल्या. दोष माझाच.

ताप आला त्या रात्रीचं मला नीट सांगायचं आहे. मी झोपडीत कुडकुडत पडले होते. एरवी दिवसातून दहा वेळा डोकावणाऱ्या आज्यांपैकी एकही जवळ येईना. लांब कडुनिंबाखाली घोळका करून बसल्या होत्या. मी हाक मारली तर माना खाली. मला फार एकटं वाटलं, रागही आला, की ज्यांच्यासाठी आलो त्यांनाच माझं काही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या दुभाषी मुलीनं कारण सांगितलं. त्या घाबरल्या होत्या. पाहुणी आजारी पडली, उद्या तिला काही झालं, तर तिच्या जवळ कोण गेलं होतं हे विचारलं जाणार. एका तापापायी घर सुटलेल्या बायका त्या. दुसरा ताप बघून त्यांच्या जिवाचं काय झालं असेल! तरी रात्रभर एकीनंही झोप घेतली नव्हती. लांबून का होईना, जागत बसल्या होत्या.

दवाखान्यात बोटाला टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला. पंधरा-वीस मिनिटांत दोन रेघा, म्हणजे मलेरिया. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला. मी ती पट्टी परत येताना मागून आणली आणि चालायला लागल्याबरोबर कडुनिंबाखाली जाऊन सगळ्यांना दाखवली. ही दुसरी रेघ म्हणजे रक्तात शिरलेला एक बारीक जीव, तो डासातून येतो, आणि गोळी न घेण्याचा गाढवपणा मी स्वतः केला. कुणाचाही हात यात नाही. ज्या आजीच्या दिराचा मुलगा तापानं गेला होता आणि म्हणून ती इथं आली होती, तिनं पट्टी हातात घेतली, उन्हात धरली, उलटी केली, परत सुलटी केली. मग तिनं विचारलं, ‘त्या पोराला टोचलं असतं तर त्याच्याही पट्टीवर ही रेघ आली असती का?’ मी म्हटलं, बहुतेक आली असती. ती बराच वेळ काही बोलली नाही. वर्गात एवढी वर्षं मी मलेरियाच्या परोपजीवीचं जीवनचक्र फळ्यावर काढते आहे. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

आता व्यवहाराचं. घानासाठी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस बंधनकारक आहे. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचा दाखला २०१६ पासून आयुष्यभर चालतो. परत येताना तो दाखला जवळ नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात, तेव्हा मूळ प्रत पासपोर्टसोबतच ठेवा. उत्तर घाना मेंदूज्वराच्या पट्ट्यात येतो, कोरड्या महिन्यांत साथी येतात. त्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा. मलेरियाची प्रतिबंधक गोळी कुठली, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, पण परत आल्यावरही ती ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवायची असते, हे विसरू नका.

तुमच्या हातून चुका झाल्या का?

झाल्या. सगळ्यात मोठी ही. मी इथून गुळाची एक ढेप नेली होती, घरची आठवण म्हणून. एका आजीला तो फार आवडला, आणि ती माझ्यावर माया करायची, म्हणून मी उरलेला अर्धा गूळ तिला एकटीला दिला, वर माझी शालही दिली. आठवड्याभरात तिच्याशी बाकीच्यांनी बोलणं टाकलं. मला आधी वाटलं, त्यांना तिचा हेवा वाटत असेल. मग दुभाषी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘ताई, आमच्याकडं आळ कुणावर येतो ठाऊक आहे का? जिच्याकडं अचानक इतरांपेक्षा जास्त येतं तिच्यावर.’ ज्या कारणानं तिला गावातून काढलं असेल, तेच कारण मी मायेच्या भरात तिच्या दारात आणून ठेवलं होतं. आजीनं स्वतःच मार्ग काढला. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे कुटून तिनं लाडू वळले आणि घरोघर वाटले. शाल तिनं नातींच्या वर्गात बसायला अंथरली. त्यानंतर मी एकट्या माणसाला कधी काही दिलं नाही.

दुसरी चूक संस्था निवडतानाची, आणि ती या प्रवासाच्याही आधीची. एका मध्यस्थानं पैसे घेऊन दुसऱ्याच एका देशातल्या अनाथाश्रमात तीन आठवड्यांची ‘सेवा’ ठरवून दिली होती. चौकशी करता करता लक्षात आलं की तिथल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात आहेत. मी गेले नाही, पैसेही परत मिळाले नाहीत.

मग चांगली संस्था ओळखायची कशी?

तुमच्या शहरात जे काम तुम्हाला कुणी करू देणार नाही, ते परदेशात करू देणारी संस्था टाळा. प्रशिक्षण नसताना जखमा शिवणं, दोन आठवडे मुलांना लळा लावून निघून येणं, हे त्यात आलं. तिथलं काम तिथल्याच माणसांच्या हातात आहे का, हे बघा. तुम्ही परत आल्यावर ते चालू राहणार आहे का, हे विचारा. दुःखी माणसांचे फोटो जाहिरातीला वापरणाऱ्यांपासून लांब राहा.

डॉक्टर, नर्स, औषधनिर्माते, आणि हो, साठा-वाहतूक सांभाळणारे अनुभवी लोक यांच्यासाठी १९७१ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली मेदसाँ सान फ्रंतिए, म्हणजे ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’, ही संस्था आहे, कुठल्याही धर्माशी न बांधलेली. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रमही आहे, त्याचं मुख्यालय जर्मनीत बॉनला. या दोन्हींकडं निवड कडक असते, आणि ती असायलाच हवी.

युगांडातला अनुभव कसा होता?

हे सरांच्याच तोंडून ऐकायला हवं, मी थोडक्यात सांगते. ते पश्चिम युगांडात, कासेसे भागात होते. रुवेंझोरीच्या डोंगरांचा पायथा, विषुववृत्त जवळून जातं. याच कासेसेत २०११ मध्ये रॉबर्ट ब्वांबाले यांनी मानवतावादी प्राथमिक शाळा सुरू केली. मुलांनी ऐकलेलं जसंच्या तसं न मानता विचारावं, हा तिचा पाया. सर जवळच्या दुसऱ्या एका गावात गणित शिकवत होते. म्हणतात, पाढे आपल्याच पोरांसारखे सुरात म्हणतात.

त्यांच्या मनाला तिथं सगळ्यात जास्त काय भिडलं असेल, तर चपाती. रस्त्यावर तव्यावर चपाती भाजतात, त्यात अंड्याचं ऑम्लेट गुंडाळतात आणि त्याला रोलेक्स म्हणतात. चपाती हा शब्दही तोच. भारतातून तिकडं गेलेल्या माणसांबरोबर ती गेली आणि राहिली. माणसं मात्र राहू शकली नाहीत. १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. एका म्हाताऱ्या शिंप्यानं सरांना विचारलं, ‘तुम्ही परत आलात का?’ सर म्हणाले, ‘मी पहिल्यांदाच आलोय.’ तो म्हणाला, ‘नाही, तुमचे लोक.’ त्याचा मालक गुजराती होता, जाताना शिलाई मशीन याच्या नावावर करून गेला होता. ते मशीन अजून चालतं.

भाषेचं काय केलंत?

उत्तर घानातल्या टमाले शहराच्या परिसरात दागबानी भाषा बोलतात. मला ती धड कधी आली नाही, पण नमस्कार आला आणि त्यानं निम्मं काम झालं. सकाळी ‘दासिबा’, दुपारी ‘अंतिरे’, संध्याकाळी ‘अनिनवुला’, आणि उत्तर नेहमी लांबवलेलं ‘नाऽऽ’. वाकून, गुडघे थोडे मोडून म्हणायचं. झोप कशी झाली, घरचे कसे आहेत, काम कसं आहे, सगळं विचारून झाल्याशिवाय कामाचं काढायचं नाही. घाईत थेट विचारलंत तर उद्धट ठरता. आपल्याकडंही जुनी माणसं ‘पाणी घ्या, बसा, मग बोलू’ म्हणतात, तसंच हे.

परक्याला तिथं ‘सिलिमिंगा’ म्हणतात. हा शब्द मूळचा गोऱ्यांसाठीचा. पोरं माझ्यामागं तेच ओरडत पळायची. कोल्हापुरात सावळी म्हणून स्थळं नाकारलेली मी, तिथं गोरी ठरले. रंग बघणाऱ्याच्या डोळ्यात किती असतो, ते मला त्या पोरांनी दाखवलं.

जेवणाचे हाल झाले का?

नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा, त्याला तुओ झाफी म्हणतात. सोबत आयोयोच्या पाल्याचं भेंडीसारखं बुळबुळीत कालवण. उजव्या हातानं एकाच भांड्यातून खायचं. डाव्या हातानं घेणं-देणं वर्ज्य, त्यामुळं कोल्हापूरच्या घरात वाढलेल्या माणसाला नव्यानं काही शिकावं लागत नाही. कांदा-लसणाची चटणी नेली होती, तीही सगळ्यांनी मिळून संपवली. तिखटाला ते आपल्याला हार जात नाहीत. निव्वळ शाकाहारी असाल तर जमतं, पण कालवणात सुकी मासळी असते, आधी सांगून ठेवा.

खर्च किती येतो? सुट्टी, व्हिसा?

मला मानधन नव्हतं. राहणं-जेवण गटाकडं, तिकीट, लसी, प्रवासविमा माझ्याकडं. दोन वर्षं साठवले. व्हिसा दिल्लीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयातून. मी मुंबईहून आदिस अबाबामार्गे घानाची राजधानी अक्राला गेले, तिथून टमालेपर्यंत दिवसभराची बस. कर्ज काढून जाऊ नका.

मुलीला एकटीला पाठवणं सुरक्षित आहे का?

आईवडिलांना माझं खरं उत्तर असं की कुठल्या गटाबरोबर, कुणाच्या घरी, अडचणीत कुणाला फोन करायचा, हे तिन्ही पक्कं असल्याशिवाय मुलीलाही पाठवू नका आणि मुलालाही. मी अंधार पडल्यावर एकटी कुठं गेले नाही. भारतीय उच्चायुक्तालयाकडं नोंद केली होती. आणि ज्या बायकांना गावानं घातक ठरवलं होतं, त्यांच्या मधोमध मी अकरा महिने दाराला कडी न लावता झोपले.

तिथं कायदा नाही का?

मी तिथं असताना, जुलै २०२३ मध्ये, घानाच्या संसदेनं कुणालाही चेटकीण ठरवणं गुन्हा करणारं विधेयक संमत केलं. त्यामागं २०२० मध्ये काफाबा गावात अकुआ देंतेह या नव्वद वर्षांच्या बाईला भर गर्दीत मारलं गेलं, ती घटना होती. वस्तीत रेडिओभोवती सगळ्या गोळा झाल्या होत्या. पुढं तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यावर सही केली नाही.

त्याच ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला दहा वर्षं झाली. वीस तारखेला संध्याकाळी मी नातींच्या वर्गात त्यांच्याबद्दल सांगितलं. कायद्यासाठी इतकी वर्षं झटलेला माणूस मारला गेला आणि त्याच वर्षी आमच्याकडं जादूटोणाविरोधी कायदा झाला. मग आमच्या कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर २०१५ च्या फेब्रुवारीत गोळ्या झाडल्या, तेही सांगितलं. एक पोर म्हणाली, ‘म्हणजे तुमच्याकडं बायकांना मारतात आणि बायकांना मारू नका म्हणणाऱ्यांनाही मारतात?’ मी हो म्हटलं. खोटं कसं बोलणार?

आपल्याकडचं काही चांगलं सांगता आलं का?

हेरवाडचं सांगितलं. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढून घ्यायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. मी हे कडुनिंबाखाली सांगितलं तेव्हा आधी कुणाला समजेना की बांगड्या का फोडतात. माझ्या हातातल्या काचेच्या बांगड्या दाखवून मी दगड आपटायची खूण केली. एकदम शांतता. मग पट्टी उन्हात धरून बघणारी ती आजी म्हणाली, ‘नवरा मेला की तुमच्याकडं बांगडी फोडतात. आमच्याकडं घर फोडतात.’ आणि लगेच विचारलं, ‘गावानं स्वतः ठरवलं? वरून कुणी हुकूम न देता?’ हो, गावानं, म्हटल्यावर तिनं ती गोष्ट मला आणखी दोनदा सांगायला लावली.

परत आल्यावर काय बदललं?

पहिले काही महिने बोलवत नव्हतं. लोक विचारायचे ‘मजा आली का?’ आणि मला उत्तर सुचत नव्हतं. मग शाळा सुरू झाली. मलेरियाचा धडा आला, आणि मी फळ्यावर चक्र काढायच्या आधी ती पट्टी मुलांच्या हातात दिली.

आता मी रेशन दुकानात अंगठा न उमटणाऱ्या म्हाताऱ्या दिसल्या की थांबते. प्रत्येक बोट करून बघायला सांगते. दुकानदार आता मला ओळखतो.

त्या आजींचं पुढं काय झालं?

पट्टी उन्हात धरून बघणाऱ्या त्या आजी अजून वस्तीतच आहेत. नात शाळेत जायला लागली आहे. दुभाषी मुलगी महिन्यातून एकदा त्यांच्याकडं जाते आणि फोन लावून देते. तिकडं आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं, त्यामुळं इथं रात्र आणि त्यांच्याकडं दुपार.

मागच्या एका फोनवर आजींनी विचारलं, त्या गावातल्या बायका आता खरंच बांगड्या घालतात का, की नुसतं कागदावर आहे? मला छातीठोक सांगता येईना. म्हणून एका रविवारी हेरवाडला जाऊन आले. नवरा जाऊन थोडे दिवस झालेल्या एका काकूंनी मला घरात बसवून चहा दिला. मी कशासाठी आले ते ऐकल्यावर त्यांनी फोन जवळ ओढला, काही न बोलता दोन्ही मनगटं त्याच्यासमोर धरून बांगड्या वाजवल्या. तेवढाच आवाज मी रेकॉर्ड करून पाठवला. दुभाषी मुलगी सांगते, आजी तो सगळ्यांना ऐकवतात, आणि ऐकवून झाला की परत लावायला सांगतात.